दोन महिन्यांचं कौतुक

मिरजेच्या आप्पासाहेब खंजिरेंचा मोठेपणा काय सांगावा! भाड्यानं दिलेल्या खोलीचीही एक किल्ली ते कमरेला लावून हिंडत.

"आप्पा, माझी बदली झालीय. पंधरवड्यात खोली सोडते," भाडेकरू नलूताई म्हणाल्या.

"दोन महिन्यांची नोटीस लागते. नियम म्हणजे नियम! तोवर लोक खोली बघायला येतील. त्यांच्यापुढे फक्त कौतुक करायचं, नाहीतर सामानाला हात लावू देणार नाही."

दुसऱ्याच दिवशी आप्पा एका नव्या जोडप्याला घेऊन आले. नलूताई तोंडभरून हसल्या.

"असे मायाळू मालक शोधून सापडायचे नाहीत हो! न सांगता कुलूप उघडून आत येतात, डब्यातला लाडू हक्कानं खातात. मी आंघोळीला गेले की दाराबाहेरून ओरडतात, 'पाणी जपून!' इतकी काळजी कोण करतं?"

नवरी नवऱ्याला ओढतच जिना उतरली.

आप्पा लालबुंद झाले. "बाई, आजच्या आज खोली सोडा!"

"असं कसं, आप्पा? नियम म्हणजे नियम. दोन महिने मी रोज कौतुक करणार."

संध्याकाळी टेंपो दारात उभा राहिला. सामानाला पहिला हात खुद्द आप्पासाहेबांनी लावला.