भिवराचे बिबे

जुन्या माणसांच्याही आठवणीपलीकडच्या काळी, वऱ्हाडातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी भिवरा नावाची विधवा राहत होती. ती रानातले बिबे वेचायची, दगडावर ठेवून गोट्याने फोडायची आणि आतली गोडंबी, दूध यावं म्हणून, बाळंतिणींना द्यायची. बिब्याच्या कवचात काळं तेल असतं. ते उडालं की कातडी उतते, फोड येतात. म्हणून या कामाला कुणी हात लावत नसे. भिवराला मात्र झाडाझाडाचा गुण ठाऊक होता. टेकडीवरचा बिबा बारीक, तेल कमी, गोडंबीही चिमुकली. नाल्याकाठचा टपोरा, गोडंबी भरलेली, पण तेल पिचकारीसारखं उडायचं. तिने त्याच टपोऱ्या बिब्यांची झाडं गावाच्या कडेने लावली. त्यांच्या सावलीनेही अंग सुजतं म्हणून लोक तिला शिव्या घालत.

मग मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, गुरं मेली, रान वाळलं. भिवराची झाडं तेवढी फळांनी वाकली, असं म्हणतात.

त्याच दिवसांत तिची सून कौतिका बाळंत झाली. तिला दूध येईना. गावातल्या साऱ्याच बाळंतिणींची ती गत होती. तेल बाधू नये म्हणून भिवरा हाताला राख चोळून बिबे फोडायला बसली. गावात चुली पेटत नव्हत्या, त्यामुळे राखही संपली. मग ती उघड्या हातांनी फोडू लागली. बोटं उतली, तोंड सुजलं, डोळे सुजून दिसेनासं झालं.

कौतिका म्हणाली, "आत्याबाई, मले द्या तो गोटा."

"नोको. तुह्या हाताचं तेल लेकराच्या अंगाले लागन."

गोडंबी खाऊन कौतिकाला दूध आलं, पण तोवर लेकरू गेलं होतं.

भिवरा चाचपडत शेजारी गेली. तिथे आई मेलेली तान्ही पोर रडत होती. भिवराने तिला हात लावला नाही. बापाला म्हणाली, "उचल तिले अन् माह्या मांगं ये."

कौतिकाने भिंतीकडे तोंड फिरवलं. "माहं नाही ते."

"नाही. पण भुकेलं हाये."

पोर रडत राहिली. कौतिकाचा पदर आपोआप भिजला. मग तिने न बघताच हात पुढे केले.

भिवरा पुन्हा दगडापाशी जाऊन बसली, तिथेच तिचा जीव गेला. हातातला गोटा कुणाला सोडवता आला नाही. तिला गोट्यासकट जाळलं. चिता निवल्यावर बायांनी तिची राख हाताला चोळली आणि उरलेले बिबे फोडले. एकीचाही हात उतला नाही, असं म्हणतात.

त्या गावात अजूनही टपोऱ्या बिब्याची गोडंबी विकत नाहीत. ती बाळंतिणीचीच. पण ती खाऊन दूध आलं की तिने आधी दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू एकदा पाजायचं असतं. कुणाचं, ते विचारायचं नसतं.