चांगुणेची मूठ

पुन्हा मलाच सांगायला लावलं. पगार स्टेशनमास्तर घेतो आणि घसा माझा बसतो. चौथी नापास म्हाताऱ्याकडं वह्या घेऊन येता, तर निदान मध्ये बोलू नका. आणि अहो बाई, गाडीला केलेला तो हात आधी खाली घ्या! थांबली बघा गाडी. आता ऐका का थांबली ते.

बाजूच्या रुळावर हा जुना डबा उभा आहे ना, त्याची मागची भिंत सगळी काचेची. साहेबलोक खुर्च्या टाकून त्यातून दरी बघत बसायचे. जुन्या डब्यांचा इतिहास शोधणारे लांबून येतात, टेप लावतात, लाकूड हुंगतात आणि एका गोष्टीपाशी अडतात. काचेजवळ ब्रेकचं चाक आहे. बसून चहा पिणाऱ्यांना ब्रेक कशाला?

डबा गाडीच्या शेपटाला असायचा. पण घाट उभा, म्हणून उलटफाट्यावर गाडी दिशा बदलते. इंजिन आहे तिथंच राहतं आणि सगळे डबे मागून ढकलत खाली आणतं. मग शेपटाचंच तोंड होतं. पुढचं सगळं काचेतल्या लोकांना दिसतं, ड्रायव्हरला काहीच नाही.

त्या काळी इथं रावजी नावाचा चावीवाला होता. रोज रूळ चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की हातोडीनं ठोकायचा. माझा पणजा. एका सकाळी तो तापानं फणफणला, म्हणून त्याची बायको चांगुणा हातोडी घेऊन निघाली. वळणावर बघते तर रुळावर बैलगाडीएवढी दरड. आणि वरून शिटी.

ती चढणीला पळत सुटली. गाडी दिसताच दोन्ही हात वर करून हलवायला लागली. काचेत चहा चालला होता. एक मडम म्हणाली म्हणे, "किती प्रेमळ लोक आहेत इथले!" आणि सगळ्यांनी हसत हसत तिला हात केले.

हो, हात केले! ती जीव तोडून थांबा थांबा करतेय आणि हे रुमाल हलवताहेत. पन्नास वर्षं सांगतोय.

चांगुणेनं हात खाली घेतले. रुळांच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसली. तेव्हा काचेतलं हसू मेलं. पण नुसतं ओरडून गाडी थांबते होय? गार्ड पलीकडच्या डब्यात. कुणीतरी धावत त्याच्यापर्यंत पोचलं, त्यानं ब्रेक आवळला. गाडी थांबली ती दरडीच्या दहा हात अलीकडं. चांगुणेच्या मात्र पलीकडं.

गाडीतले सगळे वाचले. त्या मडमेचा वर गेलेला हात पुन्हा खाली आलाच नाही, जन्मभर तसाच राहिला, असं सांगतात. मग काचेजवळ हे चाक बसवलं. आम्ही त्याला चांगुणेची मूठ म्हणतो.

मध्यंतरी शहरातून एक प्राध्यापक आला. म्हणाला, "बाबा, हा डबा कायम मागं जोडायचे. पुढची बाई त्यातून दिसणार कशी?"

मी विचारलं, "उलटफाटा पाहिलात?"

"कागदपत्रं पाहिली."

घरी जाऊन पुस्तकात छापलं, की संसाराला कंटाळून त्या बाईनं रुळावर जीव दिला. माझ्या पणजीनं! पुतण्यानं वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं. पुढच्या वर्षी तो परत आला, तेव्हा मीच त्याला ह्या छोट्या गाडीच्या शेवटच्या डब्यात बसवून वर नेलं. येताना उलटफाट्यावरून इंजिन ढकलायला लागलं, वळण समोर आलं, तसा तो पांढराफटक. माझं मनगट घट्ट धरून बसला. उतरल्यावर चहा प्याला, "देखावा छान आहे हो," म्हणाला आणि गेला. पुस्तक अजून तसंच विकतात.

आजही आमच्या गावात कुणी गाडीला हात करत नाही. लेक सासरी निघाली तरी आई फलाटावर हात बांधून उभी राहते. कुणी चुकून केलाच, तर ड्रायव्हर गाडी उभी करतो, उतरून पुढचा रूळ चालून बघतो, मगच निघतो. तो बघा, निघाला चालत. ह्या बाई चुकल्या, त्यांनी कान धरले, झालं. ती मडम चुकली, तिनं जन्मभर हात वर धरून फेडलं. एकाला तेवढी एक ओळ खोडता येईना. नाव पुस्तकावर मोठ्या अक्षरात आहे, मलासुद्धा वाचता येतं: प्राध्यापक हेरंब टिपणीस.