चार पिवळ्या रेषा

“मग माझ्यात कमी काय आहे, मॅडम?”

हृषीकेश शितोळेनं हे विचारलं, तेव्हा त्याला विमान शिकवणाऱ्या कॅप्टन खर्डेकर मॅडम हँगरच्या सावलीत स्टुलावर बसून चहा पीत होत्या. मी बाजूला दिव्यांच्या काचा पुसत होतो. या छोट्या विमानतळावर बावीस वर्षं मी हेच करतो.

शितोळेच्या तुकडीतल्या सगळ्यांचं एकट्यानं विमान उडवून झालं होतं. इथे त्याला सोलो म्हणतात. त्याचाच तेवढा राहिला होता. मॅडमनी सही केल्याशिवाय सोलो नाही, आणि महिनाअखेरपर्यंत सोलो झाला नाही, तर पुढच्या तुकडीत जाऊन पुन्हा श्रीगणेशा.

“खुणांच्या परीक्षेत मला शंभरपैकी शंभर आहेत,” तो म्हणाला. “जमिनीवरची एक रेघ, एक पाटी, एक दिवा मला येत नाही असं नाही.”

खोटं नव्हतं ते. पोरगा हुशार होता. फक्त ते आपल्याला कळायच्या आत तोच सांगून टाकायचा.

मॅडमनी कप खाली ठेवला. वॉकी-टॉकीवर टॉवरला कळवलं, की आम्ही तिघं पिवळ्या रेषेपर्यंत पायी येतोय.

“चल,” त्या म्हणाल्या. “दाखव.”

हँगरपासून धावपट्टीपर्यंत विमानं ज्या रस्त्यानं जातात, तो टॅक्सी-वे. शितोळे पुढे, मॅडम मागे, आणि बादली घेऊन मी सगळ्यांच्या मागे.

“कडेचे निळे दिवे टॅक्सी-वेचे. पांढरे दिसले तर समजायचं, धावपट्टी आली. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं असली, तर रस्ता कुठे जातो ते. काळ्या पाटीवर पिवळी असली, तर आपण कुठे आहोत ते.”

एक शब्द चुकला नाही. मॅडम नुसत्या चालत होत्या.

“धावपट्टीचा आकडा सत्तावीस. पुढे शून्य लावायचं. दोनशे सत्तर अंश, म्हणजे तोंड पश्चिमेला.”

टॅक्सी-वे संपतो तिथे चार आडव्या पिवळ्या रेषा आहेत. अलीकडे दोन सलग, पलीकडे दोन तुटक. त्यांच्यापुढे धावपट्टी.

“सलग रेषांकडून आलो, की टॉवरच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही,” तो हातवारे करत म्हणाला. “उतरून परत येताना तुटक रेषा आधी लागतात, तेव्हा...”

“थांब,” मॅडम म्हणाल्या.

“बरोबर. इथंच थांबायचं असतं,” तो म्हणाला, आणि चालत राहिला.

चारही रेषा ओलांडून तो आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मग लाल पाटीचा नियम सांगू लागला.

पूर्वेकडून एक विमान उतरायला येत होतं.

मॅडमनी आवाज चढवला नाही. वॉकी-टॉकी तोंडाशी धरली. “टॉवर, पट्टीजवळ माणूस आहे. येणारं विमान वर घ्यायला सांगा.”

टेकायला आलेलं विमान घरघरत पुन्हा वर चढलं आणि आमच्यासमोरून निघून गेलं. मग कुठे शितोळेनं आपल्या पायांखाली पाहिलं. तो अलीकडे आला, तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

“मी... पायी होतो, मॅडम. विमानात असतो तर थांबलोच असतो.”

मॅडम वर गेलेल्या विमानाकडे बघत होत्या.

“मला नियम माहीत होता.”

“हो,” त्या म्हणाल्या. “सांगतच होतास.”

“मग माझा सोलो गेला?”

मॅडमनी माझ्या बादलीतलं फडकं काढलं, पिळलं, आणि त्याच्या हातात दिलं. मग हँगरकडे चालू लागल्या.

चार दिवस शितोळेनं माझ्याबरोबर दिवे पुसले. पहिल्या दिवशी कोणता दिवा कशासाठी असतो, ते त्यानं मला समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ऊन लागलं आणि बोलणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी तो काहीच बोलला नाही.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं, “सोनवणे काका, टॉवर हो म्हणाल्यावरही तुम्ही रेषेपाशी थांबून दोन्हीकडे बघता. ते का?”

“टॉवरमध्येही माणूसच बसतो,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून तोही बघू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी मॅडमनी त्याला विमानात बसवलं. त्या शेजारी बसल्या. मी रेषांजवळ, टॅक्सी-वेच्या कडेला एक दिवा बदलत होतो. वॉकी-टॉकी माझ्या कमरेला चालूच असते.

विमान सलग रेषांच्या अलीकडे येऊन थांबलं. टॉवरनं उड्डाणाची परवानगी दिली.

विमान हललं नाही. काचेआड शितोळेचं डोकं डावीकडे वळलं, मग उजवीकडे. आणि वॉकी-टॉकीवर त्याचा आवाज आला.

“टॉवर, परवानगी माझ्याच विमानाला दिलीत का? मला नक्की कळलं नाही. पुन्हा सांगा.”

टॉवरनं जरा वैतागूनच पुन्हा सांगितलं. त्यालाच दिली होती.

हँगरपाशी त्याची सगळी तुकडी वॉकी-टॉकीला कान लावून बसलेली असते. कुणीतरी हसलंही असेल. शंभरपैकी शंभर मिळवणारा पोरगा साऱ्या विमानतळाला ऐकू जाईल असं म्हणाला, की मला कळलं नाही. मला मात्र त्याचा अभिमान वाटला, आणि चार दिवस त्याच्याशी एक अक्षर न बोललेल्या बाईंचा त्याहून जास्त.

मॅडमनी टॉवरकडे दोन मिनिटं मागून घेतली. विमानाचं दार उघडलं, आणि त्या खाली उतरल्या.

शितोळे घाबरून ओरडला, “काही चुकलं का, मॅडम?”

त्यांनी त्याची उड्डाणाची वही सीटवर टेकवून सोलोची सही केली आणि ती तिथेच ठेवली. आपल्या रिकाम्या सीटचा पट्टा नीट आवळून बांधला. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज काढून म्हणाल्या,

“मी उतरले की विमान हलकं होतं. नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडेल... दचकू नकोस.”