एका पायावर उभा जंपर

एका गावात एक पायपेटी होती, आणि एका लग्नाच्या सकाळी तिच्या पोटातला एक जंपर अर्धवट बसलेला होता.

पेटी गावच्या चर्चमधली. तिचा भाता उंदरांनी कुरतडला, तेव्हापासून ती मुकी पडून होती. मार्था नावाच्या मुलीने तिला पुन्हा बोलते करायचे मनावर घेतले. पट्ट्या तिने जुन्याच ठेवल्या. आत मात्र स्वतः जोडलेला एक मिडी बोर्ड बसवला. कोणती पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढेच तो बोर्ड तारेतून कळवायचा. ते ऐकून शेजारचा आवाजाचा डबा सूर काढायचा.

मार्थाच्या हाताखाली तिची मावसबहीण सलोमी होती. कॉलेजात शिकलेली, हुशार, पण कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी. बोर्ड जोडताना तिने इतक्या शंका काढल्या की शेवटी मार्था हसून म्हणाली, "सलोमे, प्रत्येक तारेला मला हाक मारू नकोस हं. जरा आपलं आपण बघावं."

ते हसणे सलोमीच्या मनात राहिले.

लग्नाचा दिवस उजाडला. लग्न शांतवन मास्तरांच्या नातीचे. मास्तर म्हणजे या पेटीचे वादक. गावातली प्रत्येक नवरी त्यांच्या सुरांवर चर्चमध्ये आली होती. आता स्वतःची नात येणार होती. त्यांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून ते रोज मांडीवर बोटे चालवून सराव करीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी पेटीवर पूर्ण गाणे वाजवूनही पाहिले होते. पेटी छान वाजली होती.

सकाळी मागची फळी लावायची म्हणून सलोमी आत वाकली. आणि थबकली.

जंपर म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी. बोर्डावर दोन पिना शेजारी शेजारी उभ्या असतात. टोपी दोन्हींवर बसवली की त्या जोडल्या जातात. ही टोपी मात्र एकाच पिनेवर होती. दुसरी पिन उघडी, आणि टोपी बाहेर लोंबकळलेली. एका पायावर उभी असल्यासारखी.

हे निसटले तर? ऐन लग्नात पडले तर?

मार्था दारातच होती. स्कूटर चालू करून, शहरातून केक आणायला निघालेली. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सलोमीने तोंड उघडले. मग ते हसणे आठवले, आणि तिने तोंड मिटले. स्कूटर गेली.

तिने बोटाने टोपी सरळ केली आणि दाबली. टक्. दोन्ही पिना झाकल्या गेल्या. कसे नीट दिसत होते आता. सलोमीला आयुष्यात पहिल्यांदा वाटले, आपण न विचारता एक काम बरोबर केले. तिने फळी लावली.

दुपारी मास्तर आले. नवा सदरा घातलेला, केस चोपून बसवलेले. त्यांनी पेटी चालू केली. लाल दिवा लागला. त्यांनी पट्टी दाबली.

काही नाही.

दुसरी दाबली. काही नाही.

"काय गं, हिला सर्दी झाली का?" मास्तर हसत म्हणाले. पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

सलोमीने घाईघाईने फळी उघडली. तिने सगळ्यांवर संशय घेतला. फितीसारख्या चपट्या तारेचा कनेक्टर उपसून पुन्हा बसवला. डब्याकडे जाणारी तार काढून पुन्हा लावली. डब्याचे बटण बंद केले, चालू केले. आवाज नाही. तिने एकच गोष्ट पाहिली नाही. जंपर. तो तर तिने स्वतः नीट केला होता.

तिने मार्थाला फोन लावला. ज्या व्यक्तीशी आपण संपर्क साधू इच्छिता ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. घाटात रेंज नसते, हे तिला माहीत होते. तरी तिने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

बाके भरू लागली. चर्चचे पाळकसाहेब पेटीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, वेळ होत आली. मोबाइलवर लावू का गाणं? चांगली रेकॉर्डिंग आहेत हल्ली."

मास्तरांनी मान हलवली. होय की नाही, ते कळले नाही. मग ते सलोमीकडे वळून म्हणाले, "तू नको घाबरू पोरी. काल सरावात मीच जोरात दाबली असणार एखादी पट्टी. हाताला अंदाज राहिला नाही आता. वय झालं, दुसरं काय."

आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बोटे थांबली होती.

गप्प राहणे सोपे होते. मास्तर म्हणत होते ते सगळ्यांना पटले असते. पण तिच्या छातीत काहीतरी टोचत राहिले. काल सरावानंतर पेटी वाजत होती, शेवटच्या सुरापर्यंत. त्यानंतर पेटीत हात एकाच माणसाचा गेला होता.

ती पुन्हा वाकली. मार्थाच्या सगळ्या कनेक्टरना खाच होती. उलटा बसवू म्हटले तरी बसत नव्हता. जंपरला खाच नव्हती. तो कसाही बसतो, आणि बसला की बरोबरच वाटतो.

तिने नख पुढे केले आणि मागे घेतले. काढावा की ठेवावा? आधी कोणत्या पिनेवर होता? आता काढला आणि बोर्ड जळला तर?

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सलोमी दचकली. "नवरी आली, नवरी आली," कोणीतरी म्हणाले.

"मास्तर," ती म्हणाली. "मास्तर, तुमच्या हाताने नाही बिघडली. माझ्या हाताने बिघडली. मी सकाळी आतलं एक हलवलं. कोणाला विचारलं नाही."

मास्तरांनी तिच्याकडे नीट पाहिले. त्यांची पाठ थोडी ताठ झाली. मग ते पाळकसाहेबांना म्हणाले, "मोबाइल ठेवा खिशात." आणि सलोमीला म्हणाले, "आणि तू काढ की तुझा बाहेर. लाव फोन परत."

तिने लावला. या वेळी रिंग गेली. एकदा, दोनदा. दारात पांढऱ्या झग्याची कड दिसू लागली. रिंग जातच राहिली.

"बोल गं," मार्था म्हणाली. मागे गाड्यांचा आवाज येत होता. "आत्ताच उतरले घाट. केक पायात धरून चाललेय. काय जळलं?"

पेटी बंद पडली, असे सलोमी म्हणाली नाही. ती म्हणाली, "ताई, एक जंपर एका पिनेवर होता. मी तो दाबून दोन्हींवर बसवला."

"अगं वेडे, तो मी मुद्दाम टांगला होता," मार्था म्हणाली. "नको असला की आम्ही तो एका पिनेवर टांगून ठेवतो, हरवू नये म्हणून. दोन्हींवर बसला की बोर्ड नवा प्रोग्रॅम घ्यायला नुसता कॉम्प्युटरचं ऐकत बसतो, पट्ट्यांचं काही कळवत नाही. जळलं काही नाही. पेटी बंद कर, उचल त्याला, कुठल्याही एका पायावर उभा कर, आणि चालू कर. सकाळी का नाही हाक मारलीस?"

सलोमीने पेटी बंद केली, नखाने टोपी उचलून एका पिनेवर टांगली आणि पेटी चालू केली. मास्तरांनी हात मांडीवरून उचलून पट्ट्यांवर ठेवले, आणि नवरी त्यांच्या सुरांवर आत आली.

तात्पर्य: दुसऱ्याने मोकळे ठेवलेले आपल्याला अर्धवट दिसले, तर ते पूर्ण करण्याआधी त्याला विचारावे, मग तो हसला तरी चालेल, आणि न विचारता हात लागलाच असेल, तर दोष दुसऱ्याच्या हाताला लागण्याआधी आपला हात दाखवावा.