जंतांचा एकच नियम

फार मागे, माणसाने रानात पाऊलही टाकलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दलदलीतल्या म्हशींना पोटात जंत होत आणि दरवर्षी निम्मी रेडकं त्यातच जात. राजवैद्य होता कोल्हा. सिंहाची आयाळ चमकवणारं सातवं तेल त्याने नुकतंच शोधलं होतं. मोरी म्हैस आजारी रेडकाला घेऊन त्याच्याकडे गेली.

"वैद्यबुवा, जंतांवर काहीतरी औषध काढा ना."

"अगं, तुमच्या दुःखाची आम्हाला पूर्ण जाणीव आहे," कोल्हा म्हणाला. "गेल्या वर्षीच त्यावर मोठी परिषद भरवली. जेवण फार छान होतं."

मोरी परत येऊन डबक्यात बसली. तेवढ्यात तिला स्वतःच्याच पोटातून बोलणं ऐकू आलं.

"अहो, ऐकलंत का? औषध मागायला गेली होती ही!" जंताची बायको घाबरून म्हणाली.

जंत पोट धरून हसला. "मागू दे की! आपला नियम तेवढा पाळ. शेणातून पाण्यात जायचं आणि पाण्यातून पुन्हा म्हशीतच यायचं. चुकूनही सिंहाच्या पोटात शिरायचं नाही. तिथे एक जरी गेला, तर आठ दिवसांत औषध निघेल आणि आपला निर्वंश होईल."

मोरी बराच वेळ रवंथ करत राहिली. मग उठली, रेडकाला चाटलं आणि सगळा कळप घेऊन ओढ्याने वर चालत गेली, सिंहाच्या पाणवठ्याच्याही वर. तिथे पाण्यात उभं राहून सगळ्याजणींनी सावकाश, मनसोक्त शेण टाकलं.