ल्युसिलचं सातवं पत्र

"मग यात चूक काय, भंते?"

यशोधन गजभियेने हे तिसऱ्यांदा विचारलं. भंते ज्ञानरक्षित खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते.

ओहायोतल्या त्या लहान गावात एका जुन्या दुकानाच्या जागेत भंतेंनी विहार थाटला होता. यशोधन नागपुरातून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आला आणि पंचवीस वर्षांत चार कारखान्यांचा मालक झाला. भंतेंपुढे तो आजही जमिनीवरच बसे. बोलणं मात्र कारखानदाराचं.

"पैसा माझ्या घामाचा. उमेदवारांना देतो तो कायद्याने. निवडणुकीत पैसा खर्च करणं म्हणजे आपलं म्हणणं मांडणं, असंच मानतात या देशात. मी फक्त बोलतो, भंते."

"ऐकतं कोण?"

"सिनेटर. स्वतः." यशोधनला हसू लपवता आलं नाही.

"मतं किती आहेत तुला?"

"एकच."

भंतेंनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

तेवढ्यात ल्युसिल आली. सत्तरी ओलांडलेली, सडपातळ. तीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. दर बुधवारी ती ध्यानाला येई. आज तिच्या हातात एक लिफाफा होता.

"सातवं?" भंतेंनी विचारलं.

"सातवं," ती म्हणाली.

तिच्या वस्तीत नळाला तांबूस पाणी येत होतं. पाइप बदलायला सरकारी निधी होता, पण वस्तीचं नाव यादीत चढत नव्हतं. ती सहा वर्षं सिनेटरला दरवर्षी एक पत्र लिहीत होती. उत्तर म्हणून दरवेळी तेच छापील आभारपत्र यायचं.

यशोधनला राहवलं नाही. "थांबा, आत्ता करतो." त्याने भंतेंकडे पाहिलं. भंतेंनी मान डोलावली.

दुसऱ्या रिंगला सिनेटरने स्वतः फोन उचलला. यशोधनने वस्तीचं नाव सांगितलं, पाण्याचं सांगितलं, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली. तीन मिनिटंही लागली नाहीत.

"झालं. पुढच्या महिन्यात तुमचं नाव यादीत."

ल्युसिल खाली बसली. डोळे भरून आले तिचे. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मनापासून आभार मानले. मग जरा थांबून विचारलं,

"तुम्ही असं काय सांगितलंत त्यांना, जे मी लिहिलं नव्हतं?"

यशोधनने फोन खिशात ठेवला.



ल्युसिलने लिफाफ्यावर तिकीट चिकटवलं.

"आता कशाला?" तो म्हणाला. "काम तर झालं."

"पाण्याचं झालं. पत्र अजून कुणी वाचलेलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या बस किती वाजता सुटेल ते सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

यशोधन तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या ओळखीत बडी माणसं पुष्कळ होती. सहा वर्षं कुणी ऐकत नसताना सातव्यांदा तितक्याच सभ्यपणे बोलणारं त्यांत कुणी नव्हतं.

"मी वाचू?" त्याने विचारलं.

तिने लिफाफा उघडून दिला.

दोन पानं. सुवाच्य अक्षर. कोणत्या घरातलं बाळ त्या पाण्याने आजारी पडलं, तेही नावानिशी. यशोधनने उभ्या उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग पानं नीट घडी करून परत दिली. तिने भंतेंकडून नवा लिफाफा मागून घेतला, पत्ता लिहिला, नवं तिकीट लावलं आणि ती पत्रपेटीकडे गेली.

दार लागलं. यशोधन पुन्हा जमिनीवर बसला.

"भंते, मी बोललो की सगळे ऐकतात. उद्या मी गप्प बसलो, तर तिचं ऐकू जाईल का त्यांना?"

भंते त्याच्यासमोर येऊन बसले.

"गप्प बसून पाहिलंयस कधी?"