न उडालेली रानकोंबडी

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात, जांभळीच्या पोकळ बुंध्यात, एक रानमांजरी राहत असे. पारधीत तिचा हात धरणारे रानात कोणी नव्हते, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगे. तिची दोन पिल्ले नुकतीच मांस खाऊ लागली होती. उंदीर-सरड्यांवर त्यांचे भागत नव्हते.

मुलांनो, ही मांजरी उगाच झडप घालत नसे. आधी माग काढी. रानकोंबड्यांनी पाचोळा कुठे उकरला, त्या धुळीत कुठे लोळल्या, दिवस मावळताना कोणत्या झाडावर चढल्या, सारे ती दबा धरून पाही. कोंबड्याच्या पायाच्या काट्याला ती वचकून होती. म्हणून तिने एक तपकिरी कोंबडी हेरली. ती इतकी भित्री, की वाळके पान पडले तरी फडफडत वर उडे.

पुढे ती कोंबडी थव्यात दिसेना. मांजरीने हुडकून काढली. करवंदीच्या जाळीपाशी ती एकटीच घाईघाईने चार किडे टिपी आणि परत आत शिरे. "थव्याने टाकलेली दिसते," मांजरी पुटपुटली. "एकटी, भित्री, वाळलेली. आणखी काय हवं?"

वरच्या फांदीवरून एक शेकरू म्हणाले, "काय मावशी, नुसतं बघूनच पोट भरतं वाटतं?"

"पारध पंजांनी होत नाही, डोळ्यांनी होते," मांजरी म्हणाली. "उद्या ये बघायला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मांजरी वारा तोंडावर घेत सरपटत गेली. कोंबडी जाळीबाहेर आली. ती उडणार, हे मांजरीला पक्के ठाऊक होते. म्हणून तिने उंच झेप घेतली, कोंबडी जिथे उडून येईल तिथे. पण कोंबडी उडालीच नाही. मांजरी तिच्या डोक्यावरून जाऊन पाचोळ्यात आदळली.

वळून पाहते तो काय! कोंबडीच्या पायांशी पाचोळ्याच्याच रंगाची इवलीशी पिल्ले जमिनीला चिकटून बसली होती. कोंबडी पिसे फुलवून दुप्पट झाली होती. पंख जमिनीवर घासत ती सरळ मांजरीच्या अंगावर चालून आली.

"उडायचे दिवस गेले माझे," ती म्हणाली. "ये."

चोच मांजरीच्या नाकावर बसली. रक्त आले. पंजाच्या एका फटक्यात कोंबडीची मान मोडली असती. पण पंजा उचललाच गेला नाही. पिल्ले तिलाही होती. ती एकेक पाऊल मागे सरली.

शेकरू थट्टा विसरून गेले. "मावशी, एवढीशी तर आहे ती!"

"एवढीशी नाही ती," मांजरी म्हणाली. "पिल्लं झाली तेव्हा मीही अशीच एकटी राहिले होते. सगळं डोळ्यांसमोर होतं, पण मला ओळखता आलं नाही."

वाटेत तिने एक उंदीर मारला आणि घरी नेला.

"आई, कोंबडी कुठाय?" पिल्लांनी विचारले.

"तिच्या घरी आहे. उंदीर खा," मांजरी म्हणाली.

तात्पर्य : कोण कशाला भितो, एवढ्यावरून त्याचे बळ जोखू नये, कोणापायी तो भीत नाही, ते आधी पाहावे.